हाड दुखतंय की गोळी सुटतेय?

अ‍ॅक्सिडेंट झाला, नळीच्या हाडात रॉड बसला, दोन-तीन महिने पेनकिलर चालली, मग एक दिवस स्ट्रिप संपली आणि दुसऱ्या दिवशी अख्खं अंग ठणकायला लागलं. घरातल्या शहाण्या माणसाचं मत तयारच असतं, "बघ, हाड अजून जुळलेलं नाही, गोळी चालू ठेव." हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

आधी गोळ्यांचं उरकून घेऊ. डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या पोटाची आणि किडनीची वाट लावू शकतात, पण बंद केल्यावर विड्रॉल, म्हणजे सवयीची गोळी सुटल्यावर शरीराला होणारा त्रास, आणत नाहीत. मी बोलतोय ट्रामाडॉल आणि टॅपेंटाडॉलबद्दल, म्हणजे अफूवर्गातल्या गोळ्या. ट्रामाडॉल बऱ्याचदा पॅरासिटामॉलबरोबर एकाच गोळीत येतं, 37.5 मिलिग्रॅम आणि 325 मिलिग्रॅम, त्यामुळे लोकांना ती क्रोसिनची थोरली बहीण वाटते. स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरातलं नाव वाचा, एवढं तरी करा.

दुखापतीचं दुखणं तुम्हाला माहितीच आहे, अंगावर काढलंय तुम्ही. पाय टेकवला की कळ, जिना उतरताना कळ, फिजिओ करून आलं की संध्याकाळभर ठणका, आणि कुठे दुखतं विचारलं तर बोट ठेवून दाखवता येतं.

आता गोळी सुटतानाचं दुखणं. शेवटच्या डोसनंतर साधारण 12 ते 24 तासांत सुरू होतं, स्लो रिलीज, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी असेल तर जरा उशिरा, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोर धरतं आणि आठवड्या-दहा दिवसांत बरंचसं उतरतं, झोप मात्र त्यानंतरही काही आठवडे रुळावर येत नाही. आणि फसगत इथेच होते. लोक काय करतात, तिसऱ्या दिवशी सहन होत नाही म्हणून एक गोळी घेतात, तासाभरात बरं वाटतं, आणि निष्कर्ष काढतात की म्हणजे हाडच दुखत होतं. अरे पण ती गोळी दोन्ही दुखणी दाबते! दुखापतीचं दुखणं पण आणि गोळी न मिळाल्यामुळे आलेलं पण. गोळीने बरं वाटलं यावरून काहीच सिद्ध होत नाही, तरी याच एका पुराव्यावर माणसं आणखी कितीतरी महिने ट्रामाडॉल खात राहतात.

जागेवरूनही नेहमी कळत नाही. विड्रॉलमध्ये अंगभर दुखतं हे खरं, पण वेदना दाबायची सवय लागलेल्या नसा गोळी काढल्यावर काही दिवस उलट जास्तच चेकाळतात आणि जुन्या फ्रॅक्चरची जागासुद्धा ठणकते, म्हणून "बरोबर तिथेच दुखतंय" हे पटण्यासारखं वाटतं.

मग ओळखायचं कशावरून? दुखण्याच्या जोडीला काय आलंय ते बघा. हाड दुखतं म्हणून कोणाला जांभयांवर जांभया येत नाहीत, नाक गळत नाही, डोळ्यांतून पाणी येत नाही, अंगावर काटा येत नाही, पोटात मुरडा येऊन जुलाब होत नाहीत. माझ्या मावसभावाचं असंच झालं, रात्री तीनला पलंगावर बसलेला, चादर घेतली की घाम, काढली की शहारे, जांभया थांबत नाहीत पण झोप नाही, आणि पायांत अशी वळवळ की प्लास्टर निघालेला पाय आणि चांगला पाय दोन्ही सारखेच हलवत होता. चांगल्या पायाला कुठे लागलं होतं? आणि घरचे त्याला सर्दीची गोळी देत होते. ट्रामाडॉल मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावरही काम करतं, त्यामुळे काहींना डोक्यात करंट बसल्यासारखं होतं, उगाच धडधड आणि भीती वाटते, तेही यातलंच.

याला लगेच "व्यसन लागलं" म्हणणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो. डॉक्टरांनी दिलेली गोळी सांगितल्याप्रमाणे रोज घेतली तरी शरीराला तिची सवय होते. व्यसन म्हणजे नुकसान दिसत असूनही तिच्याच मागे धावणं, ते वेगळं प्रकरण आणि त्याचे उपचारही आहेत. "मन घट्ट कर" म्हणत एका फटक्यात गोळ्या फेकून देणारे नातेवाईक तर नकोच. एप्रिल 2018 पासून ट्रामाडॉल एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देत नाही आणि ते योग्यच आहे, पण म्हणूनच स्ट्रिप संपायच्या आत डॉक्टरकडे जा आणि सरळ म्हणा, "गोळी कमी करायचं वेळापत्रक लिहून द्या." चार-पाच दिवसच घेतली असेल तर सहसा याची गरज पडत नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या 2022 च्या गाइडलाइनचा अंदाज असा, काही आठवडे-महिने घेतली असेल तर आठवड्याला साधारण 10 टक्के कमी करायची, वर्षभर किंवा जास्त घेतली असेल तर महिन्याला 10 टक्के किंवा त्याहून सावकाश. स्लो रिलीज गोळी मात्र मोडून अर्धी करायची नाही, मोडली की सगळं औषध एकदम सुटतं, कमी ताकदीची गोळी लिहून मागा.

जुलाबाला ओआरएस, अंगदुखीला पॅरासिटामॉल चालेल, फक्त ट्रामाडॉलच्या जोडगोळीतलं 325 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल त्यात मोजा. झोपेसाठी दारू किंवा घरात पडलेली अल्प्राझोलाम ही झोपेची गोळी अजिबात नको, ट्रामाडॉलबरोबर ही दोन्ही श्वास मंदावू शकतात. गरोदर असाल तर डॉक्टरांशिवाय डोसला हातच लावू नका.

पोटरी सुजली, जखमेतून पाणी यायला लागलं, ताप चढला, किंवा टेकवता येणारा पाय अचानक टेकवता येईना, तर विड्रॉल-बिड्रॉल विसरा आणि लगेच ऑर्थोपेडिककडे जा. रात्री घाबरायला झालं आणि बोलायला कोणी नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलतात. आणि गोळी पूर्ण सुटल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी पाय दुखला म्हणून कपाटातली जुनी स्ट्रिप काढून पूर्वीचा डोस घेऊ नका, तेव्हा जेवढं पचत होतं तेवढं आता शरीराला पेलणार नाही.