कर्ट कोबेन गेला, तेव्हा सिअ‍ॅटलने काय केलं?

१० एप्रिल १९९४, रविवार. अमेरिकेच्या वायव्य टोकाला असलेल्या सिअ‍ॅटल शहरात काही हजार तरुण मुलंमुली मेणबत्त्या घेऊन सिअ‍ॅटल सेंटरच्या आवारात जमली होती. दोनच दिवसांपूर्वी ‘निर्वाणा’ या रॉक बँडचा गायक कर्ट कोबेन त्याच्या घरी मृतावस्थेत सापडला होता. वय २७. ती आत्महत्या होती. लाउडस्पीकरवरून त्याची पत्नी कोर्टनी लव्ह हिचा ध्वनिमुद्रित आवाज येत होता. तीही रॉक गायिका. त्याने मागे ठेवलेल्या पत्रातला मजकूर ती वाचत होती आणि मध्येच थांबून त्याच्यावर चिडत होती, हुंदके देत होती. जमलेल्यांनाही तिने त्याला शिव्या घालायला सांगितल्या, आणि पोरांनी त्या घातल्या. सभा आटोपल्यावर बरीच पोरं तिथल्या कारंज्यात उतरली.

त्या गर्दीतून घरी परतलेल्या एका तरुणाने पाठोपाठ आपलाही जीव दिला. सिअ‍ॅटलमधल्या मानसोपचार तज्ज्ञांना नेमकी याच गोष्टीची धास्ती होती. हा एकच मृत्यू आहे, की ही रांगेची सुरुवात आहे?

ही भीती हवेतली नव्हती. १७७४ साली जर्मन लेखक गटेची ‘वेर्थर’ ही कादंबरी आली. तिच्यातला प्रेमभंग झालेला नायक आत्महत्या करतो. वाचून तरुण त्याचं अनुकरण करतील या धास्तीने लाइपझिग शहरात पुस्तकावर बंदी घालण्यात आली. दोनशे वर्षांनी, १९७४ मध्ये, डेव्हिड फिलिप्स या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने ही शंका आकड्यांवर तपासली. १९४७ ते १९६८ या काळात ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर आलेल्या आत्महत्यांच्या बातम्या त्याने काढल्या आणि त्यानंतर देशातल्या आत्महत्यांचं प्रमाण किती बदललं हे पाहिलं. प्रमाण वाढलेलं होतं. बातमी जितके दिवस गाजली, तितकी वाढ जास्त. ऑगस्ट १९६२ मध्ये हॉलिवूडची अभिनेत्री मेरिलिन मन्रो गेली, त्यानंतर अमेरिकेत ही वाढ सुमारे १२ टक्के होती. फिलिप्सने याला ‘वेर्थर परिणाम’ म्हटलं आणि ते नाव रूढ झालं.

इथे एक गोष्ट ठामपणे म्हणावीशी वाटते. कधी न भेटलेल्या गायकासाठी रडणाऱ्या पोरांना ‘नाटकं करू नका’ असं म्हणणारे मोठे प्रत्येक घरात असतात. पण ते दुःख खोटं नसतं. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अभ्यासकांनी १९५६ मध्येच दाखवून दिलं होतं की, रेडिओ-टीव्हीवर रोज भेटणाऱ्या माणसाशी प्रेक्षकाचं एकतर्फी पण खरंखुरं नातं जडतं. तो माणूस आपल्याला ओळखत नाही हे डोक्याला कळत असतं, तरी ओळखीचा आवाज, ओळखीची लकब आणि ‘याला माझं कळतं’ ही जाणीव आपलं काम करतच राहते. त्यात वयाचाही भाग आहे. माणसाला आयुष्यभर सर्वांत ठळक आठवणी राहतात त्या साधारण दहा ते तीस या वयातल्या, आणि त्या वयातली गाणी त्या आठवणींना चिकटून बसतात. १९९४ मध्ये कोबेन ऐकणारे बहुतेक जण याच वयात होते. त्यांच्यातल्या जे आधीच खचलेले होते, त्यांना वाटत होतं की आपल्या मनातलं बोलणारा हा एकटाच आहे. धोका होता तो या मुलांना.

मग सिअ‍ॅटलमध्ये काय झालं? आत्महत्या-प्रतिबंधाचे अभ्यासक डेव्हिड जोब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहर ज्या किंग काउंटीत (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात) येतं तिथल्या नोंदी तपासल्या आणि १९९६ मध्ये निष्कर्ष छापले. आत्महत्यांमध्ये अपेक्षित असलेली लाट आलीच नव्हती. उलट, शहरातल्या संकटकाळी मदत करणाऱ्या ‘क्रायसिस क्लिनिक’कडे येणारे फोन मात्र लक्षणीय वाढले होते. ऑस्ट्रेलियात कोबेनचे चाहते भरपूर. तिथे ग्रॅहम मार्टिन आणि लिसा कू यांनी १५ ते २४ वयोगटाचे आकडे आधीच्या वर्षांच्या त्याच काळाशी ताडून पाहिले. बातमीनंतरच्या तीस दिवसांत तिथे आत्महत्या वाढण्याऐवजी कमीच झाल्या होत्या.

मला या दोन अभ्यासांत सर्वांत मोलाचं वाटतं ते हे: दुःख तेवढंच होतं, चाहते तेवढेच होते, तरीही लाट आली नाही. जोब्स यांच्या चमूने त्याची काही कारणं सुचवली. स्थानिक पत्रकारांनी कोबेनची कला आणि त्याचं मरण यांची सरमिसळ केली नाही. गाणी थोर होती आणि मरण ही वाया गेलेली गोष्ट होती, असं त्यांनी वेगवेगळं लिहिलं. बातमीसोबत मदतीचे फोन क्रमांक दिले गेले. त्या जाहीर सभेच्या आखणीत क्रायसिस क्लिनिकची माणसं होती. आणि कोर्टनी लव्हचा तो संताप! मागे उरलेल्या माणसावर काय ओढवतं, हे हजारो पोरांनी कच्च्या, न सजवलेल्या आवाजात ऐकलं. मरणाभोवती गूढ वलय तयार व्हायला त्या आवाजाने जागाच ठेवली नाही.

अर्थात, एका काउंटीचे आकडे लहान असतात. त्यावरून कारण सिद्ध होत नाही, आणि संशोधकांनीही तसा दावा केला नाही. पण इतर ठिकाणचे पुरावे त्याच दिशेला बोट दाखवतात. १९७८ मध्ये व्हिएन्नाची भुयारी रेल्वे सुरू झाली आणि काही वर्षांनी तिथे होणाऱ्या आत्महत्या झपाट्याने वाढल्या; वृत्तपत्रं त्या रंगवून छापत होती. १९८७ च्या मध्यावर तज्ज्ञांनी पत्रकारांसाठी साधे नियम तयार केले, संपादकांनी ते मानले, आणि सहा महिन्यांत भुयारी रेल्वेतल्या आत्महत्या व आत्महत्येचे प्रयत्न ८० टक्क्यांहून अधिक घटले. बाकी काहीच बदललं नव्हतं, फक्त बातमी बदलली होती.

उलट उदाहरण ऑगस्ट २०१४ चं. हॉलिवूड अभिनेता रॉबिन विल्यम्सने आत्महत्या केल्यावर मृत्यूचे सगळे बारकावे जगभर प्रसारित झाले. त्या ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत अमेरिकेत अपेक्षेपेक्षा १,८४१ आत्महत्या जास्त झाल्या, म्हणजे सुमारे १० टक्के वाढ. २०२० मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित हिशेब आला. प्रसिद्ध व्यक्तीच्या आत्महत्येच्या वार्तांकनानंतर आत्महत्यांचं प्रमाण सरासरी १३ टक्क्यांनी वाढतं, आणि बातमीत पद्धत सांगितली असेल तर त्याच पद्धतीने होणाऱ्या आत्महत्या ३० टक्क्यांनी वाढतात.

कोबेनच्या वयाभोवती वलय मात्र तयार झालंच. जिमी हेंड्रिक्स, जॅनिस जॉप्लिन, जिम मॉरिसन हे सगळे रॉक कलावंत २७ व्या वर्षी गेले होते. त्यांच्यात कोबेनची भर पडली, आणि ‘२७ हे कलावंतांचं शापित वय’ ही समजूत पसरली. २०११ मध्ये संशोधकांनी ती मुळापासून तपासली. १९५६ ते २००७ या काळात ब्रिटनमध्ये ज्यांचा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला अशा १,०४६ संगीतकारांपैकी ७१ जण मरण पावले होते. सत्ताविसाव्या वर्षी मृत्यूंचा कोणताही उंचवटा सापडला नाही. सापडलं ते वेगळंच, आणि जास्त गंभीर: विशी-तिशीच्या पूर्ण काळात या कलावंतांच्या मृत्यूचा धोका सर्वसाधारण लोकसंख्येच्या दोन ते तीन पट होता. शापाची गोष्ट सांगत बसलं की अमली पदार्थ, दौऱ्यांचा ताण, न झालेले उपचार यांकडे कुणाचं लक्षच जात नाही.

आपल्याकडे भारतीय प्रेस कौन्सिलने जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांवरून २०१९ मध्ये नियम केले: बातमी ठळक जागी छापू नये, पुन्हा पुन्हा दाखवू नये, पद्धत आणि ठिकाण सांगू नये, सनसनाटी मथळे टाळावेत. पुढच्याच वर्षी, जून २०२० मध्ये, मुंबईत सुशांतसिंह राजपूत गेला आणि वाहिन्यांनी यातला एकही नियम शाबूत ठेवला नाही. कित्येक आठवडे घराघरांत तेच चाललं होतं, आणि टाळेबंदीत अडकलेली मुलं ते बघत होती. अखेर जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की, अशा प्रकरणात मृत व्यक्तीला दुबळ्या मनाची ठरवू नका आणि तिच्या खासगी आयुष्यात घुसू नका. आता वाहिन्यांइतकीच माहिती आपल्या हातातल्या फोनवरून पसरते. मृतदेहाचा फोटो पुढे पाठवणाऱ्याला संपादक नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांमध्ये आणखी एक कलम आहे, सिअ‍ॅटलमध्ये १९९४ ला पाळलं गेलेलं: मदत कुठे मिळेल ते सांगावं. भारत सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते, आणि तिथे मराठीत बोलता येतं.