माणूस जागेवर, टॉवर फिरता

भर समुद्रात किंवा अंटार्क्टिकात मोबाइलचा टॉवर उभारणार कोण? तिथे ते काम उपग्रह करतो. हा उपग्रह किती उंचीवर ठेवायचा, यावर सॅटेलाइट फोनचं बरंचसं गणित ठरतं.

इन्मारसॅट आणि थुराया या सॅटेलाइट फोन कंपन्यांनी भूस्थिर कक्षा निवडली, विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर. तिथला उपग्रह पृथ्वीच्या जोडीनेच फिरतो, म्हणून आकाशात एकाच जागी दिसतो. असे तीन-चार असले की जवळजवळ सगळं जग कवेत येतं. पण आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो, उत्तराला आणखी पाव. ऐकायला किरकोळ वाटतं. प्रत्यक्षात दोघंही एकदम बोलतात आणि मग दोघंही गप्प बसतात. शिवाय हातातल्या फोनचे क्षीण तरंग इतक्या दुरून टिपायचे, तर अँटेना प्रचंड हवी. इन्मारसॅटच्या चौथ्या पिढीच्या उपग्रहांवर ती ९ मीटर व्यासाची आहे. ध्रुवांवरून हे उपग्रह दिसतच नाहीत. भारतातून ते दक्षिणेकडच्या आकाशात असतात. त्यामुळे हिमालयातल्या अरुंद दरीत दक्षिणेला उंच कडा असेल, तर फोन मुका.

इरिडियम या कंपनीने उलटा मार्ग धरला. उंची फक्त ७८० किलोमीटर, पण उपग्रह ६६: सहा कक्षा, प्रत्येकीत अकरा. ताशी सुमारे २७,००० किलोमीटर वेगाने जाणारा उपग्रह दहाएक मिनिटांत क्षितिजाआड जातो आणि चालू कॉल मागून येणाऱ्याच्या हवाली करतो. एरवी टॉवर जागेवर असतो आणि आपण फिरतो. इथे नेमकं उलटं. खाली जवळपास जमिनीवरचं केंद्र नसलं तरी अडत नाही, कारण प्रत्येक उपग्रह पुढच्या-मागच्या आणि बाजूच्या कक्षांतल्या शेजाऱ्यांशी थेट बोलतो. या सगळ्या कक्षा ध्रुवांजवळ एकत्र येतात, म्हणून तिथेच उपग्रहांची सर्वाधिक गर्दी.

तंत्र अफाट, पण धंदा बुडाला. नोव्हेंबर १९९८ मध्ये सेवा सुरू झाली आणि ऑगस्ट १९९९ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. तीन हजार डॉलरचा अवजड फोन, तोही घरात चालत नाही, घेणार कोण? पुढे नव्या मालकांनी हेच उपग्रह स्वस्तात घेऊन सेवा चालू ठेवली.

भारतात मात्र परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं बेकायदा आहे. परदेशी पर्यटक त्यापायी विमानतळावर अडकल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. रीतसर हवा असेल, तर बीएसएनएलमार्फत इन्मारसॅटचा मिळतो.