शिमग्याची शिवी आणि सभेतली शिवी

निवडणूक आली की आमच्या सिंधुदुर्गात एक वाक्य हमखास कानावर पडतं: "अहो, मालवणी माणूस असोच बोलता." म्हणजे पुढाऱ्याने माईकवरून कुणाची आई काढली तरी ती आमची संस्कृती! मला हे पटत नाही. मी सोवळा आहे म्हणून नव्हे, शिव्या मीही देतो.

कुडाळच्या बाजारात जुना दोस्त भेटला की "मेल्या, खय होतंस इतके दिस?" असंच स्वागत होतं. हे 'मेल्या' शाप नव्हे, 'अरे'च्या जागी बसलेली हाक आहे. तोच शब्द बांधाच्या भांडणात आला की भावकी वर्षानुवर्षं बोलत नाही.

शिमग्याला तर शिवीलाही शिस्त असते. होळीभोवती बोंबा मारतात, रत्नागिरीकडे फाका, म्हणजे तशाच आरोळ्या, घालतात. त्या ऐकून मुंबईचा पाहुणा कानकोंडा होतो. (बाईच्या अंगावरून जाणारे शब्द त्यातही असतात, ते मला आजही खटकतात.) पण हा सगळा मोकळेपणा सणापुरता, गावागणिक ५, ७ किंवा १५ दिवस. आज ज्याच्या नावाने बोंब, तो उद्या तुमच्या नावाने मारतो. दिवस सरले की तोंड आवरायचं. 'शिमगा गेला तरी कवित्व उरतं' हा टोमणा न आवरणाऱ्यासाठीच आहे.

सभेत माईक एकाच्या हातात, शिट्ट्या त्याच्याच माणसांच्या, आणि ज्याला शिवी घातली तो तिथे नसतोच. त्याच्यापर्यंत व्हिडिओ पोचतो. मग दोन दिवसांनी त्याच नाक्यावर त्याची सभा. ती शिवी मुळात त्याच्यासाठी नसतेच, समोर बसलेल्या पोरांना पेटवण्यासाठी असते.

कायदाही नेमकं हेच बघतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५२ मध्ये, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेच्या ५०४ मध्ये, शिव्यांची यादी नाही. मुद्दाम अपमान करून शांतता मोडायला चिथावलं का, एवढाच प्रश्न आहे. २३ ऑगस्ट २०२१ ला महाडमध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री नारायण राणे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्याबद्दल जे बोलले, त्यात गाजली ती शिवी नव्हे, कानाखाली लावण्याची भाषा. दुसऱ्या दिवशी संगमेश्वरात अटक, रात्री महाडच्या न्यायालयात जामीन. पुढे २०२३ मध्ये अलिबागच्या न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं.

विधानसभेचं आणखी निराळं. तिथल्या बोलण्याला संविधानाच्या अनुच्छेद १९४ चं संरक्षण आहे, त्यामुळे कोर्टात खेचता येत नाही. पण अध्यक्ष तो शब्द कामकाजातून काढून टाकू शकतात. नाक्यावरच्या माईकपाशी असा अध्यक्ष नसतो. तिथे तक्रार करावी लागते, आणि ती पोलिसांनी नोंदवून घ्यावी लागते.