कुंपणाआड टिकलेली जात : केसाळ नाकाच्या वॉम्बॅटची पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलियातील वॉम्बॅटच्या तीन जातींपैकी उत्तरेकडील केसाळ नाकाची जात आज जगातील अतिदुर्मिळ सस्तन प्राण्यांमध्ये गणली जाते. हा ठेंगणा, दणकट प्राणी दिवस बिळात काढतो आणि रात्री चरायला बाहेर पडतो. मादीच्या पोटावरील पिशवीचे तोंड मागच्या बाजूला असते, त्यामुळे ती बीळ उकरत असताना पिलाच्या अंगावर माती पडत नाही. खणायला खोल, वाळूची जमीन आणि जवळपास गवत, एवढे मिळाले की त्याचे भागते. मात्र वसाहतकाळात मेंढ्या, गुरे आणि युरोपातून आणलेले ससे त्याच गवतावर तुटून पडले, आणि दुष्काळात तर वॉम्बॅटच्या वाट्याला काहीच उरेना. न्यू साउथ वेल्समधील डेनिलिक्विन आणि दक्षिण क्वीन्सलंडमधील मूनी नदीचा परिसर येथून ही जात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत नाहीशी झाली. राहिला तो मध्य क्वीन्सलंडमधील एपिंग फॉरेस्टचा एकच तुकडा.

हा तुकडा 1971 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाला. तरीही गुरे तेथे चरतच राहिली, आणि ही बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण नकाशावर हद्द आखल्याने चराऊ जमिनीवरचा ताण कमी झाला नाही. 1982 मध्ये कुंपण घालून गुरांना बाहेर ठेवण्यात आले, तेव्हा संपूर्ण जातीतील अंदाजे 35 प्राणीच शिल्लक होते. त्यानंतर संख्या हळूहळू सावरू लागली. हळूहळूच, कारण मादीला एका वेळी एकच पिलू होते.

बिळात दडणाऱ्या या निशाचराची मोजदाद करणे अवघड होते. त्यासाठी संशोधकांनी बिळाच्या तोंडाशी दोन्ही बाजूंनी चिकट असलेली पट्टी आडवी ताणून बसवण्याची पद्धत अवलंबली. रात्री ये-जा करताना वॉम्बॅटचे चार केस पट्टीला चिकटतात आणि त्यांतील डीएनएवरून, प्राण्याला न पकडता, तो नर की मादी आणि नेमका कोणता, हे ओळखता येते.

2000-2001 च्या सुमारास डिंगो या रानकुत्र्यांनी उद्यानात शिरून दहाच्या आसपास वॉम्बॅट मारले. इतक्या लहान समूहाला तेवढी हानीही जीवघेणी होती. म्हणून 2002 मध्ये सुमारे 20 किलोमीटर लांबीचे, डिंगोंना ओलांडता न येणारे कुंपण उभारण्यात आले. तरीही एखादा वणवा, पूर किंवा रोगाची साथ सगळी जात एका फटक्यात संपवू शकेल, ही भीती कायमच होती, आणि मूळच्या गवतांना हटवून पसरलेल्या बफेल गवताने वणव्याची धास्ती आणखी वाढवली होती.

त्यामुळे 2009 मध्ये तेथून 600 किलोमीटरहून अधिक दक्षिणेला, सेंट जॉर्जजवळील रिचर्ड अंडरवूड अभयारण्यात काही वॉम्बॅट हलवण्यात आले. त्यांच्यासाठी आधीच बिळे खणून ठेवली होती, कारण नव्या जागी पहिल्या रात्रीच आसरा मिळणे आवश्यक होते. पुढे एपिंग फॉरेस्टमधील संख्या 300 च्या वर गेली, आणि 2024 मध्ये दक्षिण क्वीन्सलंडमधील पाउरना राज्य वनात तिसरी वसाहत वसवण्यास प्रारंभ झाला. ज्या दक्षिण क्वीन्सलंडमधून ही जात शंभर वर्षांपूर्वी पुसली गेली होती, तेथे आता तिची दोन ठिकाणी बिळे आहेत.