मालिकेतल्या सुनेसाठी डोळ्यांना धार

त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला, तेव्हा विषय निवडला तो एका मोडत्या संसाराचा. दिलेल्या शब्दापायी राजा राज्य सोडतो, बायको-मुलाला विकायला काढतो. तारामती झाले होते साळुंके नावाचे गृहस्थ आणि रोहिदास झाला होता खुद्द फाळक्यांचा मुलगा. ही गोष्ट तर घराघरात पाठ. शेवट गोड होणार हेही ठाऊक. तरी कीर्तनात काय नि पडद्यावर काय, हरिश्चंद्राची वेळ आली की पदर डोळ्यांना लागतोच. खोटं आहे हे कळत असताना मेंदू खरं पाणी का काढतो?

२००४ साली लंडनमध्ये मेंदूचा अभ्यास करणाऱ्या तानिया सिंगर यांनी जोडप्यांवर एक प्रयोग केला. बाईला मेंदूचं काम टिपणाऱ्या एमआरआय यंत्रात झोपवलं, जोडीदार शेजारी बसलेला. विजेचा बारीक चटका कधी तिच्या हाताला, कधी त्याच्या. तिला त्याचा चेहरा दिसत नव्हता. चटका कोणाला बसणार हे नुसत्या पडद्यावरच्या खुणेवरून कळत होतं. तरीही त्याच्या चटक्याच्या वेळी तिच्या मेंदूतले इन्सुला आणि सिंग्युलेट कॉर्टेक्सचे पुढचे भाग जागे झाले. स्वतःला चटका बसताना हेच भाग जागे होत होते. दुखणं नेमकं हातावर कुठे आहे हे सांगणारा भाग मात्र गप्प राहिला. म्हणजे दुखण्यातला नकोसेपणा तेवढा आपण वाटून घेतो.

मला यातली खूण फार महत्त्वाची वाटते. चेहरा नाही, किंकाळी नाही, तरी काम भागलं. मग मालिकेत तर सगळंच मिळतं: चेहरा तीन वेळा जवळून, वर पार्श्वसंगीत. त्यातून आपला मेंदू मुळातच गोष्टवेल्हाळ. १९४४ साली हायडर आणि सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी दोन त्रिकोण आणि एक गोल इकडेतिकडे सरकतात अशी छोटी फिल्म लोकांना दाखवली. बघणाऱ्यांपैकी जवळजवळ सगळ्यांनी त्यात माणसंच पाहिली. मोठा त्रिकोण दांडगट, धाकटा शूर, गोल बिचारा घाबरलेला. त्रिकोणाचा खलनायक होतो, तर रोज रात्री आठला दिवाणखान्यात येणारी सून घरची का होणार नाही? अशा एकतर्फी नात्याबद्दल हॉर्टन आणि वोल या अभ्यासकांनी १९५६ मध्येच लिहून ठेवलंय.

आता या अश्रूंचं करायचं काय? विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने १८९० साली एका रशियन बाईंचं उदाहरण दिलं होतं. बाई नाटकातल्या पात्रांसाठी रडताहेत आणि बाहेर त्यांचा गाडीवान थंडीने गारठून मरतोय. हा टोमणा मालिका बघणाऱ्यांना अजून ऐकवला जातो. मला तो अर्धाच पटतो.

कारण दुसऱ्याचं दुःख अंगाला लागणं आणि त्याच्याबद्दल माया दाटणं ही मेंदूत दोन वेगळी कामं दिसतात. माथ्यू रिकार या बौद्ध भिक्षूने आदल्या रात्री टीव्हीवर अनाथालयातल्या हालअपेष्टा सोसणाऱ्या मुलांचा माहितीपट पाहिला होता. २००७ मध्ये एमआरआय यंत्रात त्याला सांगितलं, त्या मुलांचं दुःख फक्त अनुभवा. थोड्या वेळात तो पार थकून गेला. मग करुणेचं ध्यान करायला सांगितलं. मुलं तीच, दुःख तेच, पण थकवा ओसरला. पुढे क्लिमेकी आणि सिंगर यांनी काही स्त्रियांना आधी पहिल्याचा, मग दुसऱ्याचा सराव दिला. दुःख अनुभवण्याच्या सरावानंतर पीडितांच्या चित्रफिती बघताना त्यांना जास्त त्रास झाला. करुणेच्या सरावाने तो उतरला, उलट जिव्हाळा वाढला. आणि या वेळी मेंदूतले वेगळेच भाग कामाला लागले होते, आपुलकी आणि समाधानाशी जोडलेले.

पंचवटीतल्या माझ्या आत्यावर घरात जो आरोप होतो, त्याचं उत्तर मला इथे सापडतं. तिच्या सासूबाई पक्षाघाताने अंथरुणाला खिळल्यात. सासूसाठी डोळ्यांत टिपूस नाही आणि मालिकेतल्या सुनेसाठी धार, असं तिला चिडवतात. आत्या म्हणते, "तिथं रडत बसले तर त्यांची कूस कोण बदलणार?" बेडसोर, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमा, होऊ नयेत म्हणून दर दोनेक तासांनी कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. माझा अंदाज असा की मालिकेसमोर ती नुसतं दुःख सोसते. तिथं हात चालवायला वाव नसतो. सासूबाईंपाशी करायला काम असतं आणि तिथं मेंदूतलं ते दुसरं, करुणेचं काम चालू होतं.

हल्ली तिने टीव्हीच सासूबाईंच्या खोलीत नेलाय. त्यांना साधं 'पाणी द्या' म्हणणं जड जातं, पण खाष्ट नणंद पडद्यावर आली की "मेली!" अगदी खणखणीत निघतं. यातही नवल नाही. पक्षाघाताने वाचा गेलेल्या अनेकांच्या तोंडी शिव्या, आकडे, गाण्याच्या ओळी शाबूत राहतात. आपोआप येणारं हे बोलणं जुळवून केलेल्या वाक्यांपेक्षा मेंदूत वेगळ्या वाटेने येतं, हे डॉक्टरांना एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे.