हिंडलग्याच्या फाटकाबाहेरचं औषधपाणी

बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावरचं हिंडलगा कारागृह १९२३ सालचं. स्वातंत्र्यसैनिक आणि पुढे सीमालढ्यातले सत्याग्रही इथे राहून गेले, त्यामुळे सीमाभागातल्या कितीतरी घरांत या तुरुंगाच्या आठवणी सांगितल्या जातात. सुटून आलेल्याच्या आजारपणाचं पुढे काय झालं, हे मात्र त्यांत क्वचितच येतं.

कायद्याला हा प्रश्न फार पूर्वी दिसला होता. १८९४ च्या तुरुंग कायद्यातलं कलम २६ सांगतं की, तीव्र किंवा धोकादायक आजार असलेल्या कैद्याला त्याच्या इच्छेविरुद्ध सोडू नये. सुटका सुरक्षित आहे असं आधी वैद्यकीय अधिकाऱ्याचं मत हवं. इंग्रज अमदानीतली ही तरतूद मला आजही मोलाची वाटते. पण तिची हद्द फाटकाशी संपते. बाहेर कुणी बघायचं, याचं उत्तर तिच्यात नाही.

ते शोधायचे प्रयत्न झाले. तुरुंगांचा अभ्यास करणाऱ्या १९१९-२० च्या कार्ड्यू समितीनं सुटलेल्या कैद्यांना हात देणाऱ्या मंडळांचा पुरस्कार केला. बेळगाव अजून मुंबई राज्यात असताना, १९५४ मध्ये, केंद्रीय समाजकल्याण मंडळानं समाजशास्त्रज्ञ म. स. गोरे यांच्या अध्यक्षतेखाली सुटकेनंतरच्या देखभालीवर समिती नेमली. मात्र या साऱ्या विचारात रोजगार आणि निवारा पुढे राहिले, दुखणी मागे पडली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंगळूरच्या कारागृहातल्या एका कैद्याच्या पत्रावरून तुरुंगांचे नऊ प्रश्न नोंदवले. त्यांत आरोग्याची हेळसांड होती, सुटकेनंतरचे दिवस नव्हते.

खरी अडचण कच्च्या कैद्यांची. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातल्या कैद्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे, म्हणजे खटला निकाली न निघालेले होते. शिक्षा भोगणाऱ्याची सुटकेची तारीख आधीच ठाऊक असते, जामिनाची नसते. कागद संध्याकाळी पोचला की माणूस कपड्यांची पिशवी घेऊन बाहेर पडतो, सिटी बसनं स्टँडवर येतो आणि खानापूरची शेवटची गाडी धरायला धावतो. क्षयाच्या गोळ्या सहा महिने घ्यायच्या असतात. खिशातली पाकिटं संपली की पुढची कुठून आणायची, हे त्याला कुणी सांगितलेलं असेलच असं नाही. मनोविकाराच्या गोळ्या तुटल्या तर आणखी कठीण. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका इतरांच्या १२.७ पट होता; त्यात अमली पदार्थांच्या अतिमात्रेचे मृत्यू सर्वांत जास्त. तिथली कारणं आपल्याकडे जशीच्या तशी लागू नाहीत, पण पहिले दिवस सर्वांत नाजूक, हे इथेही खरं.

सीमाभागात या अडचणींत राज्याच्या सीमेची भर पडते. निपाणीच्या माणसाला मानसोपचारासाठी धारवाडपेक्षा कोल्हापूर जवळ पडतं, अथणीकर आजारपणात मिरज गाठतो. चिठ्ठी कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत, घरचे वाचणार मराठी. महात्मा फुले जनआरोग्य योजना ८६५ सीमागावांना लागू करायचं महाराष्ट्रानं २०२३ मध्ये ठरवलं, कर्नाटकानं आक्षेप घेतला. तो वाद राज्यकर्त्यांनी खुशाल लढावा. आजारी माणसाला मात्र त्यासाठी थांबवून ठेवू नये.

मार्ग अवघड नाही. क्षयरुग्णाची नोंद सरकारच्या 'निक्षय' या संगणकीय प्रणालीत एका ठिकाणाहून दुसरीकडे वर्ग करता येते, फक्त ती सुटकेच्या दिवशीच व्हायला हवी. सॅन फ्रान्सिस्कोत २००६ साली सुरू झालेल्या दवाखान्यात, स्वतः तुरुंग भोगलेली माणसंच आरोग्यसेवक म्हणून नव्यानं सुटलेल्यांना डॉक्टरांपर्यंत नेतात. आपल्याकडे गावोगाव आशाताई आहेत. कारागृहाच्या दवाखान्यातून गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी एक फोन, रुग्णाच्या हातात निदान महिन्याची औषधं आणि सोबत मराठीत लिहिलेली चिठ्ठी: हिंडलग्यात एवढ्यावर सुरुवात करता येईल.