दारूसाठी दुसऱ्यांदा पकडला, तरी लायसन्स?

दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्या माणसाला अमेरिकेतली अनेक राज्ये काही अटींवर पुन्हा गाडी चालवू देतात. आपल्याला हा लाड वाटेल, पण त्यामागे दया कमी आणि नाइलाज जास्त आहे.

1980 मध्ये कॅलिफोर्नियात कॅन्डेस लाइटनर यांच्या 13 वर्षांच्या मुलीला एका मद्यधुंद चालकाने उडवले. तो याआधीही याच गुन्ह्यात सापडलेला होता. लाइटनर यांनी ‘मदर्स अगेन्स्ट ड्रंक ड्रायव्हिंग’ ही संघटना उभारली आणि कायदे कडक होत गेले. 1998 मध्ये केंद्र सरकारने राज्यांना बजावले, की पाच वर्षांत दुसऱ्यांदा दोषी ठरला तर लायसन्स किमान वर्षभर पूर्ण बंद करा. नाहीतर तुमच्या महामार्ग बांधणीच्या पैशातला वाटा दुसरीकडे वळवू.

पण लायसन्स काढून घेतले तरी गाडी दारातच उभी राहते. बस नाही, लोकल नाही, नोकरी कित्येक मैल दूर. माणसे विनालायसन्स गाडी चालवतच राहिली.

तोडगा एका यंत्राने दिला. इग्निशन इंटरलॉकमध्ये फुंकर मारायची. श्वासात दारू आढळली तर गाडी सुरूच होत नाही. कॅलिफोर्नियाने 1986 मध्येच त्याच्या प्रयोगासाठी कायदा केला होता, पण तेव्हाचे सेन्सर सिगारेटच्या धुरालाही फसत. फ्युएल सेलचे, म्हणजे अल्कोहोलशी रासायनिक प्रक्रिया करून ते मोजणारे सेन्सर आल्यावर यंत्र भरवशाचे झाले. मित्राकडून फुंकून घेण्याची युक्तीही फार चालत नाही, कारण वाटेत ते पुन्हा फुंकायला लावते. प्रत्येक नोंद साठते, आणि यंत्राचे भाडे सहसा चालकाच्याच खिशातून जाते.

मग केंद्राचा नियम सैलावत गेला. 2008 मध्ये पूर्ण बंदी 45 दिवसांवर आणण्याची मुभा मिळाली. त्यानंतर यंत्र बसवून फक्त काम, शाळा आणि व्यसनमुक्ती उपचारांसाठी ये-जा. 2012 मध्ये 45 दिवसांची अटही गेली: वर्षभर बंदी, नाहीतर वर्षभर यंत्र. नोकरी देणाऱ्याच्या मालकीच्या गाडीला मात्र यंत्रातून सूट ठेवता येते. मला हीच सर्वांत मोठी पळवाट वाटते.

यंत्र काढले की त्याचा परिणामही ओसरतो, असे अभ्यास सांगतात. म्हणून वॉशिंग्टन राज्यासारख्या ठिकाणी शेवटचे काही महिने नोंद स्वच्छ असल्याशिवाय ते काढूच देत नाहीत.